नाकेदारांचा हात

सुरुवातीलाच रोखठोक सांगून टाकतो. माझा योगाला विरोध नाही. प्राणायामाला नाही, पद्मासनाला नाही, आणि माणसानं स्वतःच्या सवयींकडे डोळे उघडे ठेवून पाहावं ह्याला तर मुळीच नाही. माझा विरोध होता तो रस्त्याच्या मधोमध पद्मासन घालण्याला.

हे मी नाकेदारांना त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग उठले, माझ्या छातीभोवती दोन्ही हातांची मिठी घातली, डोळे मिटून काही अंदाज बांधला आणि म्हणाले, "अडीच फूट. जळाऊ."

जंगलखात्यात लाकडाचे दोनच वर्ग. घर बांधायच्या कामाचं ते इमारती आणि चुलीत घालायचं ते जळाऊ. नाकेदारांनी एकतीस वर्षं जंगलनाक्यावर काढली होती, त्यामुळे माणसांचेही त्यांच्याकडे दोनच वर्ग होते. मी बावीस वर्षांचा होतो, चांद्याहून पत्रकांचे गठ्ठे सायकलला बांधून लोकांचं व्यसन सोडवायला निघालो होतो, माझ्या मागे व्यसनमुक्तीचं मंडळ होतं, माझ्या पुढे देश होता. आणि हा धोतर-बनियनवाला म्हातारा मला चुलीत घालत होता!

गाव गडचिरोलीच्या पुढे, जंगलात शिरणाऱ्या रस्त्यावर. रस्त्यावर आडवा बांबू, बांबूशेजारी नाक्याची खोली, आणि समोर नाकेदारांचं स्वतःचं कौलारू घर. नोकरी संपल्यावर माणूस खात्यापासून लांब जातो. ह्यांनी घर बांधलं ते नाक्यासमोर, अकरा पावलांवर. नवा नाकेदार आला होता, पण तो बिचारा नावाला. गाडी आली की तो खोलीतून बाहेर येईपर्यंत रस्त्यापलीकडून आवाज गेलेला असायचा, "थांबा! पास दाखवा!"

ही ती सवय. चाकाचा आवाज कानावर आला की नाकेदारांचा उजवा हात वर जायचा. आपोआप. जेवत असले तर भाताचा घास हातात धरून वर जायचा. जंगलातलं लाकूड गाडीत घालून न्यायचं तर खात्याचा पास लागतो हे खरं आहे. पण नाकेदारांना गाडीत लाकूड आहे की शेणखत ह्याच्याशी देणंघेणं उरलं नव्हतं. चाक आलं, हात वर. पुढे पुढे खऱ्या गाडीचीही गरज राहिली नाही.

तान्ह्या पोळ्याची गोष्ट गावात अजून सांगतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान पोरं आपापले लाकडी बैल दोरीनं ओढत मिरवणूक काढतात. त्या बैलांना चाकं असतात. नाकेदारांनी अख्खी मिरवणूक अडवली. चौदा पोरं, चौदा बैल. एकेक बैल उचलून वास घेतला, नखानं खरवडला. "हा साग. हा साग. हा सावर, जा तू. हा साग. कुठून आनला बे? पास?" पोरांनी असा गळा काढला की खरे बैल दावणीत बुजले. पाच बैल सागाचे निघाले आणि ते संध्याकाळपर्यंत नाक्याच्या भिंतीला लागून ओळीनं जप्त होऊन उभे होते. मुलांच्या आनंदावर असा घाला घालणारी वृत्ती ही... पण ते राहू द्या. त्यावर मी एक पत्रक लिहिलं होतं. ते कुणी वाचलं नाही.

माझी पत्रकं कुणीच वाचत नव्हतं, हेही इथंच कबूल करतो. गुलाबी कागद, ठळक मथळा, "बिडी सोडा, घर जोडा!" पहिल्या आठवड्यात शंभर वाटली. दुसऱ्या आठवड्यात बाजारात मी चणे मागितले तर दुकानदारानं ते माझ्याच पत्रकात बांधून दिले. तेही सहन केलं. पण शेजारचा गाडीवान बकाराम आपला तंबाखू माझ्या पत्रकात गुंडाळून कमरेला लावायचा. हे मात्र माझ्या सहनशक्तीच्या बाहेरचं होतं.

"बकारामभाऊ, त्या कागदावर काय लिहिलंय ते तरी वाचा!"

"मले वाचता कुठी येते, पत्रकवाले? पन कागद मस्त हाय. तंबाखू कोरडा राह्यते."

आणि हाच बकाराम रोज सकाळी नाकेदारांच्या घरापुढच्या छपरीत सवय सोडायला जायचा! माझ्या सभेला तीन माणसं, त्यातला एक बहिरा. नाकेदारांच्या योगाच्या वर्गाला वीस-पंचवीस. म्हणून मी चौकशीसाठी त्यांच्याकडे गेलो, आणि गेलो तो दोन महिने तिथंच मुक्काम पडला. कारण गावात दुसरं कुणी मला ठेवून घ्यायला तयार नव्हतं.

नाकेदारांना योग कुठून मिळाला? तोही त्यांनी अडवूनच मिळवला होता.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी नाक्यावरून एक साधू चालला होता. हातात दंड, पायात खडावा. नाकेदारांनी हात वर केला. "खडावा सागाच्या दिसून राह्यल्या. पास?" साधूनं पाय पुढे करून दाखवले. नाकेदार म्हणाले, पायाचं ठीक आहे, पायाला पास लागत नाही, खडावांचा दाखवा. साधू तीन दिवस नाक्यावर बसून राहिला. खडावा सोडून जायला तो तयार नव्हता आणि खडावा सोडायला नाकेदार तयार नव्हते. तीन दिवस दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून साधूनं त्यांना आसनं शिकवली, श्वास कसा घ्यायचा, कसा सोडायचा ते शिकवलं. चौथ्या दिवशी निघताना म्हणाला, "बच्चा, नाका तो तेरे अंदर है."

"मग खडावा सोडल्यात का तुम्ही?" मी विचारलं.

"नाई. तो तसाच अनवानी गेला." नाकेदारांनी खुंटीकडे बोट दाखवलं. खडावा तिथं टांगलेल्या होत्या. रोज सकाळी वर्गाच्या आधी ते त्यांना हात जोडायचे.

त्यांची शिकवण अगदी साधी होती. म्हणायचे, "सवय म्हनजे गाडी हाय. मनाच्या रस्त्यानं येते. तुम्ही काय करता? तिले अडवता, तिच्याशी भांडता, झडती घेता. मंग ती तिथीच उभी राह्यते. अडवू नका. आली का म्हना, 'आली!' मोठ्यानं म्हना, लाजू नका. जिथी असाल तिथी बसा. अकरा श्वास मोजा. गाडी आपल्या रस्त्यानं जाते. मंग म्हना, 'गेली.' झालं."

आता मला सांगा, ह्यात वावगं काय आहे? काहीच नाही. एकतीस वर्षं गाड्या अडवलेल्या माणसानं हे सांगावं एवढीच काय ती गंमत. पण परिणाम पाहा! गावात जिकडेतिकडे माणसं मधूनच "आली!" म्हणून ओरडायला लागली आणि उभ्या जागी मांडी घालून बसायला लागली. विहिरीवर बाया पाणी ओढता ओढता बसायच्या, कारण शेजारणीची चुगली करायची लहर आली. भर बाजारात मिरच्यांच्या ढिगासमोर एक जण बसला, कारण पलीकडे मोहाच्या दारूचं दुकान होतं. अकरा श्वास घेतले, त्यातले नऊ मिरचीचे, आणि शिंकत शिंकत घरी गेला. दारू सुटली म्हणाला. सुटेल नाही तर काय!

बकारामला बिडीची तलफ दिवसातून चाळीस वेळा यायची. चाळीस गुणिले अकरा श्वास. बिडी सुटली, पण त्याबरोबर शेतीही सुटली. त्याची बायको छपरीत येऊन भांडली, "नाकेदारभाऊ, ह्याले बिडी पिऊ द्या, पन बैलाले पानी पाजू द्या!" मग बकारामनं स्वतःच एक तोड काढली. बसायचा, अकरा श्वास मोजायचा, "गेली" म्हणायचा आणि बिडी पेटवायचा.

"अरे, गेली म्हणालात ना?" मी संतापून विचारलं.

"ते गेली. हे दुसरी आली," बकाराम धूर सोडत म्हणाला.

नाकेदारांचा शिष्यांवर राग नसायचा. त्यांचा सगळा डोळा माझ्यावर. एक दिवस जेवताना त्यांनी घास खाली ठेवला आणि मला म्हणाले, "पत्रकवाले, तुमचीबी एक सवय हाय."

"मला कसलंही व्यसन नाही," मी म्हणालो. "बिडी नाही, सुपारी नाही, चहासुद्धा नाही. बंधूंनो, मी गेली चार वर्षं..."

"हे पाहा. आली."

"काय आली?"

"इथी मी आन् माही पोरगी, दोघंच हावो. बंधूंनो कोनाले म्हनून राह्यले तुम्ही?"

त्यांची मुलगी यशोदा चुलीपाशी तोंडावर पदर धरून हसत होती. मी निषेध नोंदवला. नंतर सायकलवर एकटा जाताना लक्षात आलं की माझी उजवी मूठ डाव्या तळहातावर आपटते आहे आणि सायकल पळसाच्या झुडपात शिरते आहे. तीनपेक्षा जास्त माणसं दिसली की माझ्या घशात "बंधू-भगिनींनो" तयार असायचं. पण ती सवय नव्हे. ते कार्य होतं. फरक आहे, आणि तो मी आजही मानतो.

यशोदेची गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती.

तिला आई नव्हती. घर तीच चालवायची आणि बापालाही तीच चालवायची. मी राहायला जायच्या आधीच्या वर्षी तिला पाहायला राजुऱ्याकडची मंडळी येणार होती. चांगलं घर, शिकलेला मुलगा. नाकेदारांनीच पत्र पाठवून बोलावलं होतं. दोन गाड्या नाक्याशी आल्या आणि नाकेदारांचा हात वर गेला.

"नाकेदारसाहेब, आम्हीच. पाहुने," गाडीतून मुलाचा बाप म्हणाला.

"ओळखलं मी तुम्हाले. या, या. पन गाडीत लाकूड काय हाय?"

"लाकूड नाई हो, लाडूचा डबा हाय."

"मंग हे काय हाय?" नाकेदारांनी गाडीच्या दांडीवर टकटक केलं. "हे सागाचं हाय. हे धुरा, हे बसाचा साटा, हे सागाचंच. पास?"

"अहो, ही गाडी हाय! आम्ही तिच्यात बसून आलो!"

भर उन्हात दीड तास. नाकेदार एकीकडे त्यांना पाण्याचे तांबे नेऊन देत होते आणि दुसरीकडे पास मागत होते. शेवटी मुलाच्या मामानं लाडूचा डबा रस्त्यावर ठेवला, "मुलगी तुमच्याजवळच ठेवा, तिचाबी पास काढा लागंन आम्हाले," म्हणाला आणि गाड्या माघारी वळल्या. ही बातमी चांद्यापर्यंत गेली. पुढचं वर्षभर यशोदेला पाहायला कुणी फिरकलं नाही.

आता नदीपलीकडच्या एका शेतकऱ्याच्या घरचं स्थळ जुळलं होतं. पाहणी तिच्या मावशीच्या गावी उरकली, म्हणून बरं. पण लग्न बापाच्या दारातच लागायचं होतं, वरात बैलगाड्यांनीच यायची होती, आणि गाड्यांना यायला रस्ता तो एकच. नाक्यावरून.

यशोदा मला म्हणाली, "भाऊ, तुम्ही लोकायच्या सवयी सोडवता ना? एवढं एक काम करा. बाबाचा हात एक दिवस खाली राह्यला पाह्यजे. एकच दिवस. मंग जलमभर थांबवोत गाड्या. हे लग्न मोडलं तं मी इथीच, ह्या बांबूजवळ म्हातारी होतो."

मला ते लागलं. पत्रकं बाजूला ठेवली आणि कामाला लागलो.

रोज दुपारी बकाराम आपली रिकामी गाडी नाकेदारांच्या छपरीसमोरून न्यायचा. मी वहीत टिपून ठेवायचो. पहिल्या दिवशी गाडी तेरा वेळा गेली, हात तेरा वेळा वर गेला. दुसऱ्या दिवशी मी उजवा हात पंच्यानं कमरेला बांधला. डावा वर गेला. तिसऱ्या दिवशी दोन्ही बांधले. नाकेदारांनी गाडी डोळ्यांनी अशी रोखून धरली की बैलच थांबले.

"बैलाले सवय झाली, भाऊ," बकाराम म्हणाला. "ते आता घरासमोरबी थांबते. घरात जा म्हटलं तं पासची वाट पाह्यते."

शेवटी नाकेदार स्वतःच म्हणाले, "मी लोकाले जे सांगतो ते मी काऊन नाई करत?" आणि त्यांनी छपरीत पद्मासन घातलं. दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. गाडीचा आवाज आला. त्यांच्या कपाळावर शीर उठली, घाम फुटला. "आली!" असे ओरडले की नाक्यातला नवा नाकेदार दचकून बाहेर आला. अकरा श्वास. गाडी गेली. "गेली," ते म्हणाले. हात गुडघ्यावरच होता!

आठ दिवसांत शंभर टक्के यश. मी मंडळाला पत्र लिहिलं. यशोदेनं मला दुधात शेवया करून घातल्या. नाकेदारांनी माझी पुन्हा छाती मोजली आणि, "भर धरली. तरी जळाऊच," म्हणाले, पण मायेनं.

इथं मी एक चूक केली, ती प्रामाणिकपणे नोंदवतो. सगळा सराव आम्ही छपरीत केला होता. आणि लग्नाच्या दिवशी वरात आली म्हणजे नवरीच्या बापानं छपरीत बसायचं नसतं. पाण्याचा गडू आणि कुंकवाची वाटी घेऊन त्यानं पुढे जायचं असतं, थेट रस्त्यावर, पाहुण्यांचे पाय धुवायला. आमच्याकडे लहान पोरालाही हे ठाऊक आहे. मला आणि बकारामला आठ दिवसांत हे सुचलं नाही.

वैशाखातली दुपार. मांडवावर जांभळीचे डहाळे, मांडवाखाली अख्खं गाव. लांबून घुंगरं ऐकू आली. सात गाड्या, पुढे वाजंत्री. नाकेदार नवं धोतर, डोक्याला फेटा, हातात गडू घेऊन रस्त्यावर गेले. आम्ही मागे. त्या दिवशी नव्या नाकेदारानं आडवा बांबूसुद्धा उचलून बाजूला ठेवला होता.

पहिली गाडी वळणावर दिसली. मी नाकेदारांच्या हाताकडे पाहत होतो. बोटं हलली. कोपर हललं. खांदा वर सरकला. आणि नाकेदारांनी गडू खाली ठेवला, "आली!" म्हणून गर्जना केली आणि रस्त्याच्या ऐन मध्ये, धुळीत, पद्मासन घालून डोळे मिटले.

हात खाली होता. अगदी आम्ही शिकवलं तसा. गुडघ्यावर.

पण सात गाड्या उभ्या राहिल्या होत्या.

वाजंत्री थांबली. पहिल्या गाडीचे बैल नाकेदारांच्या फेट्याचा वास घेऊ लागले. मांडवातली माणसं रस्त्यावर धावली, वरातीतली गाड्यांतून उतरली. शे-दीडशे माणसं माझ्यासमोर गोळा झाली. मी काहीतरी समजावून सांगणं भाग होतं. मी एका दगडावर चढलो, मूठ तळहातावर आपटली आणि म्हणालो, "बंधू-भगिनींनो! आज आपल्या समाजाला ज्या सवयींनी..."

"आली! पत्रकवाल्याले आली!" बकाराम ओरडला, मला दगडावरून खाली ओढलं आणि नाकेदारांच्या शेजारी बसवलं. एवढ्या गडबडीत त्याला स्वतःला बिडीची तलफ आली. तोही बसला. त्याची बायको त्याला शिव्या देणार होती, पण तिनंही महिन्याभरापूर्वी शिव्या सोडायचं ठरवलं होतं. ती बसली. मग बाजारात मिरच्यांसमोर बसलेला तो. मग दोन म्हाताऱ्या. बघता बघता रस्त्यावर नऊ माणसं आडव्या ओळीनं, डोळे मिटून, नाकानं श्वास घेत बसलेली!

मी एक डोळा किलकिला करून पाहिलं. नवरदेवाचा बाप गाडीतून उतरला होता. धिप्पाड माणूस, गलमिशा. आमच्या ओळीकडे पाहून त्याचा चेहरा उतरत गेला.

"हा... हा सत्याग्रह हाय का?" त्यानं हळूच विचारलं.

आमचा श्वास चौथा चालू होता.

"बाप्पा, ते चांद्याचे पत्रकवालेबी बसले हायेत," वरातीतलं कुणीतरी कुजबुजलं. "ह्यायले समजलं वाटते."

"कोनी सांगितलं ह्यायले?" नवरदेवाचा बाप मागे वळून गाडीवानावर खेकसला. मग पुन्हा आमच्याकडे वळला आणि त्यानं चक्क हात जोडले. "नाकेदारसाहेब, हे पाहा... मागची गाडी. तिचा साटा नवा हाय. साग हाय. पोराच्या लग्नासाठी बनवला. पास नाई. आपल्या जंगलातलंच झाड व्हतं, वाऱ्यानं पडलं व्हतं... म्हनजे अर्धं वाऱ्यानं पडलं व्हतं. चूक झाली. पन सत्याग्रह नका करू. मुहूर्त निघून जाईन."

मी आता दोन्ही डोळे उघडले. मला नाकेदारांचं तोंड दिसत होतं आणि ते पाहवत नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी हजारो गाड्या अडवल्या, आणि प्रत्येक माणूस त्यांच्याशी खोटं बोलला. "जुनं लाकूड हाय." "मामाच्या घरचं हाय." "हे लाकूडच नाई." आणि आज, न विचारता, एक माणूस सागाचा नवा साटा कबूल करत होता! त्यांच्या नाकपुड्या फुगल्या. उजव्या हाताची करंगळी गुडघ्यावरून सुटली. मग शेजारचं बोट.

मांडवाच्या तोंडाशी यशोदा उभी होती. अंगभर हळद. नवरीनं असं बाहेर यायचं नसतं, पण बायांनी तिला आत ओढायचं सोडून दिलं होतं. ती हाक मारत नव्हती, रडतही नव्हती. फक्त त्या हाताकडे पाहत होती. मीही. मला वाटतं बैलही.

नववा श्वास. दहावा. अकरावा इतका लांबला की मला वाटलं आता म्हाताऱ्याला वैद्य आणावा लागतो.

नाकेदारांनी डोळे उघडले. नवरदेवाच्या बापाकडे पाहिलं. मागच्या गाडीच्या नव्याकोऱ्या साट्याकडे, मला वाटतं, मुद्दाम पाहिलं नाही.

"आली होती," ते म्हणाले. "गेली. या इवाई, पाय धुवा."

गडूतलं अर्धं पाणी बैल प्यायले होते. उरलेल्यात पाय धुतले. लग्न लागलं. मंगलाष्टकं चालू असताना दीडशे माणसं एका जागी पाहून माझी मूठ दोनदा आवळली, पण बकाराम शेजारीच उभा होता.

नवरदेवाच्या बापानं जेवताना मला बाजूला घेऊन विचारलं, "सत्याग्रहात बसाले किती लोक लागते? आमच्या गावच्या पाटलासमोर बसवायचं हाय." मी त्याला खरं काय ते समजावलं. त्याचा विश्वास बसला नाही. उलट मी भला मुरलेला कार्यकर्ता आहे, असं त्यानं चार लोकांना सांगितलं. आयुष्यात माझी पहिली कीर्ती झाली ती अशी, फुकटची.

नाकेदारांची तर मिरवणूकच काढायची बाकी होती. "भाऊची सवय सुटली," म्हणत लोक येऊन त्यांच्या पाया पडत होते. संध्याकाळपर्यंत सहा रिकाम्या गाड्या लोकांनी मुद्दाम त्यांच्यासमोरून नेऊन पाहिल्या. नाकेदार मांडवात खुर्चीवर बसून होते. हात मांडीवर. वर जाईना. त्यांनाच त्याचं नवल वाटत होतं. मधूनच ते हात उचलून तळवा उलटासुलटा करून पाहायचे, जणू कुणाचा तरी सापडलेला हात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी यशोदेची पाठवणी. तिला त्या मागच्याच गाडीत बसवलं, सागाच्या नव्या साट्यावर. बाया रडल्या, बकारामची बायको सगळ्यांत जोरात. नाकेदार रस्त्याच्या कडेला उभे होते. दोन्ही हात मागे बांधलेले. पहिली गाडी गेली. दुसरी गेली. सहा गेल्या. मी मनात म्हटलं, व्वा! ह्याला म्हणतात आत्मसंयम. ह्यावर पत्रक काढलंच पाहिजे.

सातवी गाडी समोर आली आणि नाकेदारांचा हात वर गेला.

"थांबा!"

सगळी पाठवणी जागच्या जागी गोठली. नवरदेवाचा बाप कपाळावर हात मारत मागे पळत आला, "साहेब, आता काऊन? काल तं..." मी वही जमिनीवर आपटली. एवढी मेहनत, एवढे श्वास!

नाकेदार गाडीजवळ गेले. दांडीवर त्यांनी टकटक केलं नाही. आत डोकावले. यशोदा गुडघ्यांवर तोंड ठेवून बसली होती. तिनं वर पाहिलं.

"पानी घेतलं का वाटेले?" त्यांनी विचारलं.

"घेतलं, बाबा."

"किती?"

"सुरई भरून."

"ऊन हाय," नाकेदार म्हणाले. आणखी काही विचारायचं राहिलं आहे का ते आठवत असावेत. "बरं. जा मंग."

गाडी हलली. घुंगरं वळणापलीकडे गेली तरी म्हातारा तिथंच उभा होता आणि हात वरचा वरच. तो खाली घ्यायचं त्यांना सुचलंच नाही. तेवढ्यात मागून मोहफुलं भरलेली एक गाडी आली. गाडीवान कुठल्या तरी लांबच्या गावचा. हात वर दिसला म्हणून बिचाऱ्यानं बैल आवळले आणि उभा राहिला. वाट पाहून पाहून शेवटी माझ्याकडे वळला.

"काहो भाऊ, जाऊ का मी?"

मी हात वर केला. "थांब जरा," म्हटलं.